तीन नंबरच्या लेथची फिर्याद

चार वर्षं मी ओरडत होते, अन् एकानंही माझ्यावर विश्वास ठेवला नाय.

मी लेथ मशीन. आयटीआयच्या टर्नर वर्कशॉपात खिडकीकडून तिसरी, म्हणून तीन नंबर. लोखंडाचा दांडा माझ्या जबड्यात धरायचा, गरागरा फिरवायचा, धारदार टूल लावून पाहिजे त्या मापाचा करायचा, हे माझं काम. मी खडखड केली की म्हणायचे, "म्हातारी झाली." माझ्यावर कापलेला बोल्टाचा आटा फाटला की म्हणायचे, "पोरीचा हात बसंना." खोट कुठं आहे ते मी रोज दाखवत होते. बघणाऱ्यानं वाकून बघायला पाहिजे ना!

कोणती आयटीआय ते सांगणार नाय. दौलताबादच्या रस्त्यानं निघालात की लागती, एवढं पुरे. नाव सांगितलं तर दहा ठिकाणचे लोक म्हणतील, आमचंच उणं काढलं.

अन् माझं बोलणं असं रांगडं कसं, म्हणाल. ते मी वर्कशॉप झाडणाऱ्या कडूबाईकडून उचललंय. तिचं सासर-माहेर दोन्हीकडं मेंढ्या. शाळा चौथीपर्यंत, पण तोंड असं की प्राचार्यसुद्धा दार वाजवून आत येतात. सतरा वर्षं ती माझ्या अंगाखाली झाडू घालता घालता बोलती, अन् मी ऐकती. गोड बोलणारं माणूस मला शिकवायला मिळालं नाय, त्याला मी काय करू?

माझा जन्म पंजाबातला, बटाल्याचा. ओतीव लोखंड, वजन बाराशे किलो. ट्रकनं इथं आले तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. आता पाट्या बदलल्या. माझ्या कपाळावर ठोकलेला नंबर तोच आहे. पंधरा माणसांनी खाली पाइप घालून, पहारी लावून मला सरकवत आत आणलं. नारळ फोडला तो माझ्याच अंगावर. नारळाचं पाणी माझ्या घासून गुळगुळीत केलेल्या पाठीवर सांडलं, ते कुणी पुसलं नाय. तिथं गंजाचा डाग पडला, अजून आहे. पूजा करायची, पुसायचं नाय, ही ह्या लोकांची खोड मला पहिल्याच दिवशी कळली.

पहिल्या बॅचात काकासाहेब नावाचं एक काडीपैलवान पोरगं होतं. पैठणकडचं. त्यानं माझ्यावर पहिला बोल्ट कापला अन् आठ दिवस खिशात घालून हिंडला. जेवताना ताटाशेजारी ठेवायचा म्हणे. आज वाळूजला त्याची स्वतःची शेड आहे, अकरा मशिनी आहेत.

किती हात लागले मला! घाबरलेला हात चाक गच्च धरतो. खोटं माप सांगणारा आधी पँटीला बोटं पुसतो. मला सगळं कळतं. माणसं मात्र मशीन मुकं आहे म्हणून माझ्यासमोर काहीही बोलतात.

आता माझं दुखणं सांगते. माझ्या पोटात एक पितळी नट आहे, मुठीएवढा, उभा चिरून दोन फाका केलेला. आटे कापायचे असले की ह्या दोन फाकांनी माझ्या लांब स्क्रूला घट्ट मिठी मारायची. मग टूल एका चालीत पुढं सरकतं. मिठी सैल झाली की टूल अडखळतं, अन् कापलेला आटा फाटून जातो. बाकी दांडा सोलायचा, भोक पाडायचं, ह्याला तो नट लागत नाय. म्हणून लांबून बघणाऱ्याला मी धडधाकट दिसायचे.

तो नट झिजला. हे पहिल्यांदा कळलं आमच्या मोतीराम सरांना.

मोतीराम सर आमचे निदेशक, म्हणजे पोरांना मशीन शिकवणारे. बावीस वर्षं माझ्याजवळ. माणूस चांगला, हे आधीच सांगते, नायतर म्हणाल बाई आकसानं बोलती. दर शनिवारी स्वतःच्या हातानं मला तेल घालणार, जळमट काढणार. नट झिजल्याचं कळलं त्याच दिवशी त्यांनी अर्ज लिहिला. अक्षर मोत्यासारखं. अर्ज प्राचार्यांकडं, तिथून विभागाला, तिथून मुंबईला.

वाळूज इथून अर्ध्या तासावर. तिथल्या शेडींतून निघालेले भाग कुठल्या कुठल्या देशाच्या गाड्यांत बसतात. अन् माझ्या मुठीएवढ्या नटाची मंजुरी साडेतीनशे किलोमीटरवर! मुंबईतल्या ज्या साहेबानं सही करायची, त्यानं मला कधी बघितलं नाय, माझी खडखड ऐकली नाय. त्याच्या टेबलावर माझ्यासारख्या शेकड्यांनी पडलेल्या. त्याचा तरी काय दोष? पोट दुखतं इथं अन् हात लावून बघायचा मुंबईत, असा कारभार.

पहिल्या वर्षी उत्तर आलं, "प्रस्ताव त्रुटींसह परत." दुसऱ्या वर्षी, "निधी उपलब्धतेनुसार." सर प्रत्येक कागद भोक पाडून फाइलीत लावायचे. फाइल जाडजूड झाली. नट झिजत गेला.

मग एका खंडेनवमीला गंमत झाली. त्या दिवशी आमची पूजा असती. झेंडूची माळ, हळद, कुंकू. सर एक कागद घेऊन आले, प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला. माझ्या पाठीवर ठेवला, त्यालाही कुंकवाचं बोट लावलं. कव्हराला तोंड होतं, कुंकू आत गेलं अन् कागदावर डाग उमटला. सर मनातल्या मनात वाचत नाहीत, ओठ हलवत वाचतात. म्हणून मला कळलं काय लिहिलंय ते.

लिहिलं होतं, की लहान दुरुस्त्या, सुटे भाग, ह्याचा निर्णय आता संस्थेच्या स्थानिक समितीनं घ्यावा. पैसाही समितीच्या खात्यात दिलाय. वर विचारायची गरज नाय.

मला वाटलं, चला, सुटले! अधिकार मुंबईहून निघून माझ्या पाठीवर येऊन बसलाय. आता आठ दिवसांत नट.

सरांनी कागद उचलला, डोक्याला लावला अन् कपाटात ठेवून कुलूप घातलं.

कामून? तर त्या कागदात शेवटी एक "तथापि" होतं. "तथापि, प्रचलित नियमांच्या अधीन राहून." सरांना त्या एका शब्दानं घेरलं. कोणते नियम? उद्या ऑडिट आलं तर? त्यांनी वर पत्र लिहिलं, "मार्गदर्शन व्हावे." वरून उत्तर आलं, "आपल्या स्तरावर उचित निर्णय घ्यावा." सरांनी परत लिहिलं, "आपल्या स्तरावर म्हणजे नेमक्या कोणत्या स्तरावर, ते कळवावे."

हसू नका. मी हसले असते, पण तोवर अमृता माझ्यावर आली होती.

अमृता दौलताबादच्या अलीकडच्या वस्तीतली. बाप धम्मपाल, सेंट्रिंगच्या कामाला. बॅचात एकटी पोरगी. पोरगी मशीनवर म्हणून नातेवाईक नाकं मुरडायचे, तर धम्मपाल म्हणाला होता, "माझ्या लेकीनं लोखंड कापलं तर कुणाच्या पोटात दुखतंय?" वाळूजच्या एका कंपनीनं पास होणाऱ्यांना बोलावणार म्हणून सांगितलं होतं. परीक्षेच्या जॉबात, म्हणजे करून दाखवायच्या तुकड्यात, आटे होतेच. अन् प्रत्येकाला मशीन ठरवून दिलेली. पाचातल्या दोन बंद, दोनवर बाकीची पोरं. अमृताच्या वाट्याला मी.

तिचा हात कसा होता सांगू? पहिल्याच दिवशी चाक असं धरलं, जसं झोपलेल्या लेकराचं मनगट. मी त्या हाताला जीव लावला. पण आटे कापायला घेतले की माझी मिठी सुटायची. एक आटा बरा, दुसरा फाटका. सात जॉब वाया गेले.

पोरांना आयतं मिळालं. एकजण म्हणाला, "अमृते, घरून पोळपाट-लाटणं आण. त्याला आटे नसतेत."

कडूबाई झाडू घेऊन तिथंच. म्हणाली, "अन् तुला येतंय का रे लाटायला? तुझी माय सांगत व्हती, तुझ्या पोळीचा भारताचा नकाशा व्हतो. श्रीलंका बी वायली पडती म्हणं."

पोरं खिदळली. अमृता हसली नाय. अन् सर? सर चष्मा पुसत होते. त्यांना ठाऊक होतं पोरीचा हात चांगला आहे ते. नुसता चष्मा पुसत होते.

मी खडखडले, जेवढं खडखडता येतं तेवढं. सर म्हणाले, "बंद कर गं, लई आवाज करायलीय."

त्या दिवशी सगळे गेल्यावर कडूबाई माझ्याखालचा लोखंडाचा बुरा भरत होती. थांबली. खाली बसली. बोटानं काहीतरी उचललं अन् पदराचं टोक पसरून त्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी अमृताला धरलं.

"माय, तू काय कापायलीस?"

"लोखंड, मावशी."

"दुसरं काय नाय ना?"

"नाय. का?"

"मग हे पिवळं कुठून सांडायलं?"

पदराच्या टोकावर चिमूटभर पितळी भुगा. कडूबाई म्हणाली, "मेंढी आपलं दुखणं सांगत नाय, बाई. लेंडी बघावी लागती. मी दोन वर्षं हे झाडून टाकायले, मलाच अक्कल नाय. हिच्या पोटात काहीतरी पिवळं झिजायलंय. तुझा हात नाय चुकत."

चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी लेंडी बघितली! मला डोळे असते तर पाणी आलं असतं. नाहीत तेच बरं, पाण्यानं गंज धरतो.

अमृता कागदावर भुगा घेऊन सरांसमोर उभी राहिली. सरांनी फाइल काढून पुढं केली.

"मला माहीत आहे. चार वर्षांपासून माहीत आहे. हे बघ, जावक क्रमांक बघ. दर वर्षी लिहिलंय."

"मग सर, पोरं माझ्या हाताला नावं ठेवत होती तेव्हा तुम्ही का नाही बोललात?"

"अगं, मशीन नादुरुस्त आहे असं तोंडी कसं सांगणार? लेखी कळवलंय ना."

पोरीनं भुगा परत पुडीत बांधला.

एप्रिलात समितीची बैठक आमच्या वर्कशॉपातच झाली. अध्यक्ष कोण? काकासाहेब. आता चांगलं पोट सुटलेलं, पण आत येताना माझ्या डोक्यावर थाप मारलीच. "काय म्हणते आमची तीन नंबर?"

"चालू आहे," सर म्हणाले.

चहा आला, खारी आली. काकासाहेब म्हणाले, "सर, आता नट-बोल्टासाठी मुंबई नाही म्हणे. समितीनंच ठरवायचं. काही अडलंय का सांगा, आत्ता ठराव करू."

मी गळा फाडून ओरडले, माझा नट! कपाटात कागद आहे बघा, कुंकू लावलेला!

सर म्हणाले, "तसं स्पष्ट नाही. मार्गदर्शन मागवलंय."

मग समितीनं त्या पैशातनं काय केलं माहितीय? कमानीला रंग दिला. रंगाला "तथापि" आड येत नाय.

अन् त्याच आठवड्यात सरांनी आणखी एक यादी वर पाठवली. भंगारात काढायच्या मशिनींची. कुणीतरी सांगितलं होतं, जुनी काढली तर नवी लवकर मिळती. तीन नंबरपुढं लिहिलं, "निकामी." लिहिताना माझ्याकडं पाठ केली होती.

मी निकामी! ज्या पाठीवर ह्यांच्या सगळ्या बॅचा उभ्या राहिल्या, ती! एका नटापायी! अहो, माझं पितळ झिजलं, तुमचं काय झिजलं ते बघा की!

पुढचं मला कडूबाईनं झाडता झाडता सांगितलं. शनिवारी ती अमृताला घेऊन काळी-पिवळीनं वाळूजला गेली, थेट काकासाहेबांच्या शेडीत. टेबलावर पिवळा भुगा ओतला.

"ओळखा कुणाचं हाय."

काकासाहेबांनी बोटावर घेऊन चोळला. "हाफ नट गेलाय. तीन नंबरचा?" अन् मग लगेच, "सर तर चालू आहे म्हणाले."

"सरांचं 'चालू' अन् मुंबईचं 'बघू', ह्यात पोरीचं वरीस चाललं," कडूबाई म्हणाली. "तुमचा पहिला बोल्ट खिशात घालून हिंडत व्हते म्हणं तुम्ही. ह्या पोरीनं काय फाटके आटे घालून हिंडावं?"

काकासाहेब म्हणाले, "नट मी आत्ता करून देतो. पण मी केला तर तुझ्या हाताचा संशय तसाच राहील. तू कर. आतून आटे काढायचे, अवघड असतं. येतीस रविवारी?"

दोन रविवार गेले. पहिला नट बिघडला. दुसरा बसला. ज्या पोरीला आटे येत नाहीत म्हणत होते, तिनं माझ्याचसाठी आटे कापले, तेही आतून!

सोमवारी सकाळी सहाला कडूबाईनं झाडायच्या किल्लीनं वर्कशॉप उघडलं. काकासाहेब शर्ट काढून बनियनवर माझ्याखाली आडवे झाले. एवढ्या वर्षांनी तो हात परत माझ्या पोटात आला, जाड झालेला, पण घाबरत नव्हता. म्हणाले, "अध्यक्ष आहे मी समितीचा. काय होईल ते मी बघून घेतो." नऊच्या आत नट बसला. अमृतानं दांडा लावला, कळ दाबली. मी मिठी मारली. सोडली नाय. आटा असा उतरला, की त्यावर दुसरा नट ठेवून टिचकी मारली तर तो भिरभिरत शेवटाला गेला.

"आता बोलव म्हणलं त्या नकाशावाल्याला," कडूबाई म्हणाली.

सर दारात आले अन् थबकले. बावीस वर्षांचे कान त्यांचे. माझी खडखड नव्हती.

"कुणी?" त्यांनी विचारलं.

"खंडोबानं," कडूबाई म्हणाली अन् झाडू मारायला लागली.

सर केबिनमध्ये गेले. त्या दिवशी त्यांनी काहीच लिहिलं नाय.

जुलैत परीक्षा झाली. अमृताचा जॉब परीक्षकानं दोनदा मापला अन् दुसऱ्या पोरांना दाखवला. कंपनीचं बोलावणं आलं. शुक्रवारपर्यंत प्रमाणपत्र घेऊन या.

अन् बुधवारी तपासणीचे साहेब आले, भंगाराची यादी घेऊन. माझ्यासमोर उभे. मी चालू.

"ही कागदावर एप्रिलपासून निकामी आहे. मग हिच्यावर जुलैत परीक्षा कशी झाली?"

"चालतेय ना साहेब, बघा की," अमृता म्हणाली. ती प्रमाणपत्र न्यायला आली होती.

"कागदावर चालत नाही. म्हणजे ह्या मशीनवरचा निकाल राखून ठेवावा लागेल. शिवाय आत हा नवाकोरा नट दिसतोय. विनापरवानगी सुटा भाग. कोणी बसवला?" त्यांनी छापील फॉर्म माझ्या पाठीवर ठेवला. जबाबदार व्यक्तीचे नाव, पुढं रकाना मोकळा.

अमृताचा चेहरा मी बघितला. आईबापाचा घाम, दोन वर्षं, सगळं त्या रकान्यापाशी येऊन थांबलं होतं.

"माझं नाव लिवा," कडूबाई म्हणाली. "झाडता झाडता बसला म्हणावं."

"नट मी केलाय. माझं लिहा," अमृता म्हणाली. मान वर होती.

काकासाहेबांना फोन लावला, तर तेही तिकडून ओरडले, "माझं लिहा हो! मी बसवलाय!"

साहेब वैतागले. "रकाना एकच आहे!"

मी बघत होते एकाच माणसाकडं. बोला की आता, मी म्हणत होते. दर शनिवारी तेल घालता मला, एकदा तोंड उघडा!

मोतीराम सर उठले. कपाटाचं कुलूप काढलं. प्लास्टिकचं कव्हर आणून साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी कागद वाचला, तारीख बघितली, कुंकवाचा डाग बघितला.

"हे तुमच्याकडं कधीपासून आहे?"

"खंडेनवमीपासून."

"म्हणजे परवानगी होती?"

"होती. माझ्या कपाटात." सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाय. "निकामी मीच लिहिलं. मशीन निकामी नव्हती. पोरीचा हातही चांगला होता. तेही मला माहीत होतं."

त्यांनी फॉर्म ओढून घेतला. "विनापरवानगी" ह्या शब्दावर आडवी रेघ मारली, वर लिहिलं, "परवानगी असूनही दुरुस्तीस विलंब." अन् रकाना भरला. बावीस वर्षांत त्या माणसानं वर न विचारता केलेली ही पहिली सही.

अमृता शुक्रवारी कंपनीत गेली. सरांची एक पगारवाढ थांबली. मला वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण माफ नाय केलं. मुंबई लांब होती म्हणून चुकली, हा जवळ असून चुकला. अधिकार खाली येऊन पडला होता अन् हा वाकून उचलंना, हे मी कशी विसरू? तुमच्याही गावात, तुमच्याही कपाटात असला एखादा कागद असंल. पूजा करू नका त्याची. वापरा! भिऊन ठेवलेला अधिकार अन् झिजलेला नट, दोघंही सारखेच. दिसायला जागेवर, धरायच्या वेळी सुटलेले.

आता मी चालती. भंगारातून नाव काढलंय. समितीच्या पहिल्या चिठ्ठीवर बंद पडलेली एक नंबरही सुरू झाली. सही करण्याआधी सर कागद तीनदा वाचतात, पण करतात. अन् त्या फॉर्मची झेरॉक्स त्यांनी स्वतः माझ्या मागच्या भिंतीवर चिकटवलीय. नवीन पोरं येतात, आधी मला हात लावतात, मग भिंतीवरचं मोठ्यानं वाचतात. चार वर्षं जे मी ओरडून सांगत होते, ते आता मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं आहे. जबाबदार व्यक्तीचे नाव: मोतीराम यादवराव घुले.